संकुचित आणि असंकुचित : प्रोसेसरच्या कॅश स्मृतीच्या रचनेचा आढावा

प्रोसेसरची गणनशक्ती आणि मुख्य स्मृतीची तत्परता ह्यांच्यामध्ये गेल्या साठ वर्षांत जे अंतर पडत गेले, ते भरून काढण्यासाठी योजलेल्या उपायांत कॅश स्मृतीइतका दीर्घायुषी आणि सर्वमान्य उपाय दुसरा कोणताही ठरला नाही. केंब्रिज विद्यापीठातील मॉरिस विल्क्स ह्यांनी १९६५ साली एका अगदी लहानशा निबंधात अशी कल्पना मांडली की, मोठ्या पण मंद स्मृतीच्या दिमतीला एक लहान पण शीघ्र स्मृती ठेवावी आणि नुकतीच लागलेली माहिती लवकरच पुन्हा लागेल ह्या भरवशावर ती तेथे राखून ठेवावी. आणि आयबीएमने १९६८ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ ह्या यंत्रात ती कल्पना प्रथम व्यापारी स्वरूपात अवतरली. त्या यंत्राची कॅश मुळात १६ किलोबाइटांची होती. आजच्या प्रोसेसरात कॅशचे बहुधा तीन स्तर असतात : पहिला काही दशक किलोबाइटांचा आणि चार-पाच ठोक्यांत उत्तर देणारा, तर शेवटचा कित्येक मेगाबाइटांचा आणि चाळीस-पन्नास ठोके घेणारा, आणि त्याच्याही पलीकडे मुख्य स्मृतीकडे जावे लागले, तर दोनशे ठोक्यांची किंवा त्याहून अधिक दिरंगाई सोसणे भाग पडते. येथे ठोका म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत घड्याळाचा ठोका.

एवंच, कॅश जितकी मोठी तितके मुख्य स्मृतीकडे होणारे हेलपाटे कमी, हे उघड आहे. परंतु कॅश मोठी करणे स्वस्त नाही. मुख्य स्मृतीत एक बिट साठविण्यास एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र पुरते, तर कॅश ज्या स्थिर स्मृतीची घडविलेली असते तिच्या एका बिटास सामान्यतः सहा ट्रान्झिस्टर खर्ची पडतात. पूर्वी दर पिढीस ट्रान्झिस्टर लहान होत आणि त्याच जागेत अधिक कॅश आपसूक मावे. तो काळ आता सरत आला आहे. तैवानच्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेत स्थिर स्मृतीच्या एका पेशीस ०.०२१ चौरस मायक्रोमीटर जागा लागत होती; पुढच्या पिढीतील एन३ई प्रक्रियेत गणनेची मंडले लक्षणीय प्रमाणात आक्रसली असताही ही पेशी मात्र तेवढ्याच आकाराची राहिली. ह्यावर एक उपाय म्हणजे कॅशवर कॅशचा मजला चढविणे. एएमडीने २०२२ साली रायझन ७ ५८००एक्स३डी ह्या प्रोसेसरात ३२ मेगाबाइटांवर आणखी ६४ मेगाबाइटांचा थर रचून तो करून दाखविला. दुसरा उपाय असलेल्या जागेचाच काटकसरीने विनियोग करण्याचा, म्हणजे माहिती संकुचित करून ठेवण्याचा होय. आणि प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

ह्या विषयावरील संशोधन वाचीत असताना माझे जे मत होत गेले ते प्रारंभीच नोंदवून ठेवतो. कॅशमधील संकोचनाचा प्रश्न वरकरणी संकोचनाचा दिसतो, पण मुळात तो बंदोबस्ताचा आहे. ओळ, म्हणजे कॅशमध्ये एका वेळी येणारा माहितीचा तुकडा, किती आकुंचित पावते ह्यापेक्षा, आकुंचित झालेली ओळ आणि आकुंचित न होणारी ओळ एकाच संचात, म्हणजे कॅशमधील जागांच्या एका गटात, एकमेकींस अपाय न करता कशा नांदतील, त्यांची नोंद कोठे राहील, आणि एकीचा आकार अकस्मात वाढला तर काय होईल, ह्या प्रश्नांनीच गेल्या दोन तपांतील रचनांचे भवितव्य ठरविले आहे. पहिल्या पिढीने अधिकाधिक संकोचन साधण्याचा ध्यास घेतला, तर नंतरच्या पिढीने असंकुचित माहितीस तोशीस लागणार नाही ह्याची हमी मागितली. आणि माझ्या मते खरी प्रगती ह्या दुसऱ्या मागणीमुळे झाली.

कॅशमध्ये माहिती सामान्यतः ६४ बाइटांच्या ओळींनी येते-जाते. ह्या ओळींत संकोचनास वाव का असावा, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या रास्त सवयींत आहे. ज्या संख्येची कमाल मर्यादा आधी ठाऊक नसते तिच्यासाठी चार किंवा आठ बाइटांची ऐसपैस जागा राखून ठेवली जाते, आणि प्रत्यक्षात तीत पाच किंवा सतरा अशी लहानशी संख्या बसते. नवीन मिळालेली स्मृती शून्यांनी भरून देण्याची वहिवाट आहे. एकाच रचनेकडे निर्देश करणारे पॉइंटर परस्परांच्या शेजारच्या पत्त्यांकडे बोट दाखवीत असतात, सबब त्यांचे वरचे बाइट एकसारखे असतात. चित्रातील शेजारचे बिंदू जवळजवळ एकाच रंगाचे असतात. यांग, झांग आणि गुप्ता ह्या संशोधकांनी २०००च्या सुमारास दाखवून दिले की, प्रोग्रॅम चालू असताना मोजकीच काही मूल्ये पुनःपुन्हा कॅशमध्ये येत राहतात. शून्य हे अर्थात त्यांत अग्रभागी. ह्याउलट ज्या माहितीवर आधीच संकोचन किंवा कूटलेखन झालेले आहे, किंवा जी दशांश अपूर्णांकांच्या पूर्ण अचूकतेने भरलेली आहे, तिच्यात पिळून काढण्यासारखे फारसे काही उरत नाही. ही दुसरी जात कोणत्याही कॅशमध्ये असणारच, हे रचनाकाराने विसरता कामा नये.

आता संकोचनाच्या पद्धतींकडे वळू. फाइली संकुचित करताना वापरल्या जाणाऱ्या विख्यात पद्धती येथे निरुपयोगी ठरतात, कारण त्या हजारो बाइटांचा मागोवा घेत कोश रचतात आणि कॅशच्या हाती एका वेळी अवघे ६४ बाइट असतात. शिवाय विस्तारणास, म्हणजे मूळ रूप परत मिळविण्यास, येथे केवळ काही ठोक्यांची मुदत असते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील अला अलामेल्दीन आणि डेव्हिड वुड ह्यांनी २००४ साली मांडलेली ‘फ्रीक्वेंट पॅटर्न कम्प्रेशन’ ही पद्धत ह्या मर्यादेत राहून केलेला पहिला प्रभावी प्रयत्न होय. तीत ३२ बिटांच्या प्रत्येक शब्दाच्या आधी तीन बिटांचा उपसर्ग असतो, आणि तो शब्द आठ ठराविक नमुन्यांपैकी कोणत्या नमुन्याचा आहे हे त्या उपसर्गावरून कळते. त्यांपैकी काही नमुने असे : सगळी शून्ये, चार बिटांत मावणारी चिन्हयुक्त संख्या, आठ बिटांत मावणारी, सोळा बिटांत मावणारी, एकाच बाइटाची चार वेळा पुनरावृत्ती, आणि शेवटी कोणत्याच नमुन्यात न बसणारा, म्हणून जसाच्या तसा ठेवलेला शब्द. पाच ही संख्या अशा रीतीने ३२ बिटांऐवजी सात बिटांत बसते. परंतु ह्या काटकसरीची किंमत विस्तारणाच्या वेळी द्यावी लागते : दहावा शब्द कोठे सुरू होतो हे कळण्यास आधीच्या नऊ शब्दांच्या लांबीची बेरीज हवी. ह्या बेरजा समांतर करूनही त्या पद्धतीस विस्तारणाला पाच ठोके लागतात.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील गेनाडी पेखिमेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली जी ‘बेस-डेल्टा-इमीजिएट’ पद्धत मांडली, तिचे सौंदर्य मला अधिक भावते, कारण तिने ही बेरजांची साखळीच तोडून टाकली. ओळीत आठ-आठ बाइटांचे आठ पॉइंटर असतील आणि ते सर्व परस्परांच्या निकट असतील, तर त्यांपैकी एक आधार म्हणून पूर्ण ठेवावा आणि प्रत्येकाचे त्या आधारापासूनचे अंतर तेवढे एकेका बाइटात लिहावे. आधाराचे आठ आणि अंतरांचे आठ मिळून सोळा बाइटांत चौसष्ट बाइटांचा मजकूर येतो. सर्व अंतरे एकाच रुंदीची असल्यामुळे कोणते कोठे आहे ह्याचा शोध घ्यावा लागत नाही. आधारात ती एकाच वेळी, समांतर मिळविली की ओळ पूर्ववत् झाली. ह्या कामास एक ठोका पुरतो. ओळीत पॉइंटरांबरोबर लहान संख्याही मिसळलेल्या असतात, म्हणून शून्य हा दुसरा, गृहीत धरलेला आधार असतो आणि प्रत्येक घटक कोणत्या आधाराचा हे एकेका बिटाने सांगितले जाते. ह्या पद्धतीने साधणारे संकोचन सर्वांत अधिक नाही, पण ते जवळजवळ फुकट आहे. आणि येथे स्वस्ताई अधिक मोलाची का, हे पुढे जमाखर्चात दिसेल.

अन्य पद्धतींचा उल्लेख ओझरता केला तरी चालेल. २०१० सालच्या सी-पॅकमध्ये सोळा शब्दांचा लहानसा कोश ओळीगणिक नव्याने रचला जातो आणि विस्तारणास आठ-नऊ ठोके लागतात. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या आंजेलोस आरेलाकिस आणि पेर स्टेन्स्ट्रोम ह्यांनी २०१४ साली हफमनच्या जुन्या सांख्यिकी तत्त्वाचे, म्हणजे वारंवार येणाऱ्या मूल्यांना आखूड संकेत देण्याच्या तत्त्वाचे, पुनरुज्जीवन केले. मूल्यांच्या वारंवारतेत सावकाश फरक पडतो, म्हणून कोश अधूनमधून नव्याने घडविला तरी पुरतो, हे त्यांचे निरीक्षण. त्यांच्या पद्धतीत संकोचन भरघोस होते, पण यंत्रणा जड आणि विस्तारण मंद.

पद्धत कोणतीही निवडली तरी खरा मामला ह्यापुढे सुरू होतो. साध्या कॅशमध्ये सर्व ओळी एकाच मापाच्या असतात. पत्त्यातील काही बिटांवरून संच ठरतो. संचात समजा सोळा जागा असतात. प्रत्येक जागेस एक टॅग, म्हणजे त्या ओळीच्या पत्त्याची नोंद, जोडलेला असतो. टॅग जुळला की माहिती कोठे आहे हे त्याच क्षणी कळते, कारण टॅगाचे स्थान आणि माहितीचे स्थान एकच. संकोचनामुळे ही सोयिस्कर एकरूपता मोडते. ज्या जागेत एक ओळ मावत होती तेथे आता दोन, तीन किंवा चार मावू शकतात, पण कधी आणि किती हे आगाऊ सांगता येत नाही. तेव्हा टॅग किती ठेवावयाचे, आणि टॅग सापडल्यावर माहिती कोठे शोधावयाची, असे दोन प्रश्न एकदम उभे राहतात.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब सोपा आहे. ४८ बिटांचा पत्ता, दोन मेगाबाइटांची कॅश, दर संचात सोळा ओळी, असे धरले तर २०४८ संच होतात. संच ठरविण्यास अकरा बिट आणि ओळीतील स्थानास सहा बिट वजा जाता टॅगासाठी ३१ बिट उरतात, त्यांत ओळीच्या स्थितीचे चार-पाच बिट मिळविले की ३६च्या आसपास होतात. ओळ स्वतः ५१२ बिटांची. म्हणजे टॅगांची संख्या दुप्पट केली तर कॅशच्या मूळ मापाच्या सुमारे सात टक्के अधिक जागा त्यांतच गेली. चौपट केली तर एकवीस टक्के, आणि मग संकोचनाने वाचविलेल्या जागेचा मोठा हिस्सा नोंदींनीच गिळंकृत केला असे होईल.

दुसऱ्या प्रश्नास अलामेल्दीन आणि वुड ह्यांनी दिलेले उत्तर पुढील सर्व रचनांचे आद्य रूप म्हणून अभ्यासण्याजोगे आहे. त्यांनी टॅग आणि माहिती ह्यांची गाठ सोडविली. संचातील २५६ बाइटांची जागा, म्हणजे चार असंकुचित ओळींची जागा, आठ-आठ बाइटांच्या बत्तीस खंडांत विभागली, आणि टॅग मात्र आठ ठेवले. जुन्या दप्तरखान्यात खतावणी एकीकडे आणि कागदांचे रुमाल दुसरीकडे असावेत, आणि खतावणीतील प्रत्येक नोंदीत आपला कागद किती जाडीचा आहे एवढेच लिहिलेले असावे, तशी ही व्यवस्था. तीत ओळी एकीला एक लागून ठेवलेल्या असल्यामुळे, हवी असलेली ओळ कोठे सुरू होते हे काढावयास तिच्या आधीच्या सर्वांचे आकार जमेस धरावे लागतात. त्याहून बिकट प्रसंग लिहिण्याच्या वेळी येतो. दोन खंडांत मावलेल्या ओळीत प्रोसेसरने एक मोठी संख्या लिहिली आणि ती एकाएकी आठ खंडांची झाली, तर पुढच्या सर्व ओळी सरकवाव्या लागतात, किंवा जागाच शिल्लक नसेल तर एखादीस, कदाचित दोघींस, कॅशबाहेर काढावे लागते. ही सरकवासरकव वेळही खाते आणि वीजही.

ह्या अडचणीतून सुटण्याचे जे मार्ग पुढे निघाले त्यांत सोमाये सरदश्ती आणि वुड ह्यांची, पुढे फ्रान्समधील आंद्रे सेझ्नेक ह्यांच्यासह चाललेली मालिका मला सर्वांत बोधप्रद वाटते, कारण तीत एका गुंतागुंतीच्या रचनेपासून क्रमाक्रमाने साधेपणाकडे झालेली वाटचाल दिसते. २०१३ सालच्या ‘डीकपल्ड कम्प्रेस्ड कॅश’मध्ये शेजारशेजारच्या चार ओळींचा मिळून एक महाखंड कल्पून त्यास एकच टॅग दिला गेला, कारण शेजारच्या ओळींच्या पत्त्यांत शेवटचे दोन बिट सोडले तर फरक तो काय? टॅगांचा खर्च अशा रीतीने आटोक्यात आला. ओळींचे सोळा-सोळा बाइटांचे तुकडे संचात कोठेही विखुरलेले राहू शकत, त्यामुळे आकार वाढला तरी कोणासही सरकवावे लागत नसे. मात्र प्रत्येक तुकड्याबरोबर तो कोणत्या टॅगाचा हे सांगणारा उलटा दुवा बाळगावा लागे. पुढच्या वर्षीच्या ‘स्क्यूड कम्प्रेस्ड कॅश’ने ते दुवेही काढून टाकले : आता आठ ओळींच्या केलेल्या एकाच महाखंडातील आणि सारख्याच आकारास आलेल्या ओळी ६४ बाइटांच्या एकाच जागेत एकत्र ठेवावयाच्या, आठ बाइटांच्या झाल्या तर आठ, सोळाच्या तर चार, बत्तिसाच्या तर दोन, आणि न आकसणारी असेल तर एकटी, आणि ही जागा पत्ता व आकार ह्या दोहोंवरून ठरवावयाची. टॅग आणि जागा ह्यांची तुटलेली सांगड अशा रीतीने पुन्हा जुळली. २०१६ सालच्या तिसऱ्या रचनेत ती तिरकस, म्हणजे आकारावरूनही जागा ठरविणारी, मांडणीही सोडून देऊन नेहमीच्या संचबद्ध कॅशच्या अगदी निकट येणारी व्यवस्था साधली गेली : एका जागेत शेजारच्या चार ओळी, दोन, किंवा एक.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. महाखंडास एक टॅग देण्याची ही कल्पना नवीन नव्हे. ज्या मॉडेल ८५ पासून आपण प्रारंभ केला त्यातील १६ किलोबाइटांची कॅश एकेका किलोबाइटाच्या सोळा विभागांची होती, प्रत्येक विभागास एकच नोंद होती, आणि त्यातील ६४ बाइटांचे खंड लागतील तसे आणले जात. तेव्हा ती तजवीज टॅगांची मंडले महाग होती म्हणून केली गेली. नंतर मंडले स्वस्त झाल्यावर ती मागे पडली. सेझ्नेक ह्यांनी १९९४ साली तिला सुधारून पुन्हा पुढे आणले. आणि संकोचनाने टॅगांची टंचाई पुन्हा निर्माण केल्यावर ती नव्याने उपयोगी पडली. अभियांत्रिकीच्या इतिहासाचे वाचन केवळ श्रद्धांजलीसाठी करावयाचे नसते, ह्याचा हा उत्तम दाखला मी मानतो.

ह्या रचनांतही एक उणीव राहतेच. महाखंडाची युक्ती शेजारच्या ओळी एकाच काळी कॅशमध्ये असतील तरच फळते. ज्या प्रोग्रॅमची माहिती स्मृतीभर विखुरलेली आहे, त्यात बऱ्याच महाखंडांतील एकच ओळ जागी असते आणि उरलेली जागा वाया जाते. शिवाय सर्वच रचनांत एक सूक्ष्म धोका होता, त्याची दखल २०१६ साली इंटेलच्या जयेश गौर, अलामेल्दीन आणि श्रीनिवास सुब्रमणी ह्यांनी ‘बेस-व्हिक्टिम’ ह्या रचनेत घेतली. ओळींचे आकार भिन्न झाले की कोणाला बाहेर काढावयाचे हा निर्णय उपयुक्ततेबरोबर आकारावरही अवलंबू लागतो, आणि एक मोठी ओळ आत घेण्यासाठी दोन-तीन उपयुक्त लहान ओळी बाहेर जाऊ शकतात. परिणामी काही प्रोग्रॅम साध्या कॅशवर जितके जलद चालत त्याहूनही मंद चालतात. गौर प्रभृतींनी ह्यावर योजलेला उपाय असा : प्रत्येक जागेस दोन टॅग द्यावेत. पहिल्या टॅगाचा कारभार अगदी साध्या कॅशप्रमाणे, जणू संकोचन अस्तित्वातच नाही अशा रीतीने चालावा. मूळ ओळ संकुचित होऊन जागा उरली तर त्या कारभारातून बाहेर पडणारी एखादी ओळ तेथे दुसऱ्या टॅगाखाली, मावत असेल तरच, ठेवून द्यावी. मूळ ओळ वाढली तर ही दुसरी ओळ मुकाट्याने टाकून द्यावी. तिच्यातील बदल आधीच मुख्य स्मृतीत उतरवलेले असल्यामुळे टाकण्यास खर्च नाही. अशा कॅशमध्ये जे काही सापडेल ते साध्या कॅशमध्ये सापडले असते त्याहून कमी कधीच असणार नाही. तिची क्षमता दुपटीच्या पुढे जाऊ शकत नाही हे खरे. पण असंकुचित माहितीच्या हक्कास बाध न आणण्याची एवढी निःसंदिग्ध हमी तिच्या आधीच्या कोणत्याही रचनेने दिली नव्हती, आणि म्हणून व्यवहारात उतरविण्यास मी तिलाच अग्रमान देईन.

आता जमाखर्च. कॅश दुप्पट केली की चुकणाऱ्या, म्हणजे कॅशमध्ये न सापडणाऱ्या, मागण्या निम्म्या होत नाहीत. अनुभवाने असे दिसून आले आहे की त्या सामान्यतः दोनाच्या वर्गमुळाने भागल्या जातात, म्हणजे सुमारे तीस टक्क्यांनी घटतात. शेवटच्या स्तराची कॅश चाळीस ठोके घेते आणि मुख्य स्मृती आणखी दोनशे, असे धरू. ज्या प्रोग्रॅमच्या शंभरातील वीस मागण्या चुकतात त्याला सरासरी ऐंशी ठोके लागतील. संकोचनाने क्षमता दुप्पट होऊन चुका चौदावर आल्या तर अडुसष्ट. बारा ठोक्यांची बचत झाली, त्यातून विस्तारणाचे पाच ठोके दर सापडलेल्या मागणीस वजा केले तरी हाती सात-आठ उरतात. ह्याउलट ज्याच्या शंभरातील दोनच मागण्या चुकतात, त्याची सरासरी चव्वेचाळीसवरून त्रेचाळीसच्या थोडी खाली येते. बचत सव्वा ठोक्याची आणि विस्तारणाचा खर्च पाचांचा. अशा प्रोग्रॅमला संकोचन म्हणजे निव्वळ तोटा. अलामेल्दीन आणि वुड ह्यांच्या प्रयोगांतही असेच आढळले : स्मृतीवर मोठा भार टाकणाऱ्या व्यापारी कामांत संकोचनाने वेग १७ टक्क्यांपर्यंत वाढला, परंतु सरसकट संकोचन केले असता कमी चुका करणाऱ्या काही प्रोग्रॅमांचा वेग १८ टक्क्यांपर्यंत घटला.

म्हणून त्यांनी कॅशला निवडीची मुभा दिली, आणि ती योजना माझ्या मते ह्या सबंध विषयातील सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना आहे. आठ टॅगांपैकी कोणती ओळ किती अलीकडे वापरली ह्याचा क्रम कॅशजवळ असतोच. मागणी पहिल्या चारांपैकी एकीवर लागली आणि ती ओळ संकुचित असली, तर ती साध्या कॅशमध्येही सापडली असती, म्हणून येथे विस्तारणाचे ठोके व्यर्थ गेले. ते एका सामाईक गणकातून वजा करावेत. मागणी नंतरच्या चारांपैकी एकीवर लागली तर ती संकोचनामुळेच सापडली. मुख्य स्मृतीचा वाचलेला फेरा गणकात जमा करावा. गणकाची शिल्लक जमेची असेल तोवर नव्या ओळी संकुचित कराव्यात, नावे पडू लागली की असंकुचित ठेवाव्यात. मुख्य स्मृतीचा फेरा चारशे ठोक्यांचा आणि विस्तारण पाचांचे असेल, तर वाचलेली एक चूक ऐंशी निरर्थक विस्तारणांची भरपाई करते. ह्या योजनेने फायदा जवळजवळ सगळा राखला आणि नुकसान ०.४ टक्क्यांच्या वर कधी जाऊ दिले नाही. पुढे विस्तारणच एका ठोक्यात होऊ लागल्यावर ह्या निवडीची निकड कमी झाली, ती संपली मात्र नाही. पहिल्या स्तराच्या कॅशला तर हा एक ठोकाही परवडत नाही, कारण तेथे चारांचे पाच होणे म्हणजे प्रत्येक वाचनास पंचवीस टक्के वाढ. म्हणून तो स्तर बहुतेक सर्व रचनांत असंकुचितच राहिला आहे.

बाहेर कोणाला काढावे ह्या प्रश्नाचे शास्त्रही संकोचनाने पालटले. लास्लो बेलाडी ह्यांनी १९६६ साली मांडलेले तत्त्व असे की, जी ओळ भविष्यात सर्वांत उशिरा लागणार तिला काढणे इष्टतम; परंतु ओळी विषम आकाराच्या झाल्या की हे तत्त्व इष्टतम राहत नाही, कारण थोड्या उशिराने लागणाऱ्या चार लहान ओळी एका मोठ्या ओळीपेक्षा मौल्यवान असू शकतात. पेखिमेंको प्रभृतींनी २०१५ साली ओळीचे मूल्य तिच्या संभाव्य उपयोगास आकाराने भागून काढण्याची पद्धत सुचविली, आणि त्याबरोबर हेही दाखविले की काही प्रोग्रॅमांत ओळीचा संकुचित आकार हीच ती पुन्हा लागेल की नाही ह्याची सूचना असते, कारण एकाच प्रकारच्या माहितीची वापरण्याची रीतही एकच असते.

कॅश आणि मुख्य स्मृती ह्यांपैकी नेमके काय संकुचित करावे, ह्याबाबत आयबीएमने २००१च्या सुमारास अगदी उलट वाट धरली होती. तिच्या एमएक्सटी ह्या योजनेत मुख्य स्मृती किलोबाइटाच्या खंडांनी संकुचित ठेवलेली असे आणि तिच्यापुढे ३२ मेगाबाइटांची असंकुचित कॅश उभी करून विस्तारणाची दिरंगाई झाकली जाई. तो निर्णय त्या काळच्या किमतींस धरून योग्यच होता, कारण तेव्हा सर्व्हरच्या किमतीत स्मृतीचा वाटा फार मोठा असे. संकोचनावर विजेच्या खर्चाचाही एक आक्षेप आहे : संकुचित माहितीत बिटांची उलटापालट अधिक होते, त्यामुळे कमी बिट वाहून नेऊनही तारांवरील खर्च अपेक्षेइतका घटत नाही.

ह्या सर्वांहून गंभीर आक्षेप २०२० साली पुढे आला. पो-आन त्साई, डॅनियल सांचेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेफक्रॅकर’ ह्या निबंधात दाखविले की, ओळीचा आकार तिच्यातील मजकुरावर अवलंबून असल्यामुळे तो आकार मोजता आला तर मजकुराविषयी अनुमान करता येते. हल्लेखोर आधी आपल्या ज्ञात आकाराच्या ओळींनी संच भरतो आणि मग दुसऱ्याची ओळ आत आल्यावर आपली कोणती ओळ बाहेर पडली हे वाचनाच्या वेळेवरून ताडतो. त्याला आपला मजकूर गुप्त मजकुराच्याच ओळीत शेजारी ठेवता आला, तर तो अंदाज बदलत राहतो आणि ओळ आकसली की अंदाज बरोबर ठरला असे समजतो. आधार-अंतराच्या पद्धतीत हे आणखी सोपे, कारण आठ बाइट एकदम ओळखावे लागत नाहीत. वरचे बाइट जुळले की ओळ एक पायरी आकसते, आणखी जुळले की आणखी एक. गुप्त किल्ली दहा मिलिसेकंदांच्या आत हस्तगत करता येते असे त्यांनी सिद्ध केले. साध्या कॅशच्या हल्ल्यांतून कोणता पत्ता वाचला गेला एवढे कळते; येथे साक्षात मजकूर उघडा पडतो, आणि म्हणून ह्या आक्षेपाचे निराकरण केल्यावाचून अनेकांनी मिळून वापरावयाच्या सर्व्हरवर संकुचित कॅश बसविणे मला सर्वथा अनुचित वाटते.

निराकरणाचा एक मार्ग प्रत्यक्ष व्यवहारातील एका रचनेत अप्रत्यक्षपणे दिसतो. एनव्हिडियाने २०२० साली आणलेल्या ए१०० ह्या गणनयंत्रात ४० मेगाबाइटांची दुसऱ्या स्तराची कॅश असून तीत माहिती संकुचित ठेवण्याची सोय आहे, आणि तिच्यामुळे क्षमता दुपटीपर्यंत व स्मृतीचा प्रवाह चौपटीपर्यंत वाढू शकतो असे कंपनी सांगते. तेथे कोणती स्मृती संकोचनास पात्र आहे हे यंत्र आपण होऊन ठरवीत नाही. प्रोग्रॅम स्मृती मागताना तसे स्पष्ट सांगतो. सर्वसाधारण प्रोसेसरांतही पृष्ठसारणीच्या, म्हणजे प्रोग्रॅमचे पत्ते भौतिक पत्त्यांत उतरविणाऱ्या तक्त्याच्या, प्रत्येक नोंदीत एक बिट ह्या कामी राखून ठेवावा, आणि ज्या पृष्ठांत किल्ल्या, परवलीचे शब्द किंवा एकाहून अधिक पक्षांचा मजकूर येतो ती कार्यप्रणालीने असंकुचित म्हणून जाहीर करावीत, अशी माझी सूचना आहे. मात्र वरच्या स्तरांतून खाली परत लिहिल्या जाणाऱ्या ओळीबरोबर पृष्ठसारणी येत नसते. तिच्याजवळ केवळ भौतिक पत्ता असतो. तेव्हा तो बिट पत्त्याच्या भाषांतराच्या वेळीच मागणीबरोबर घेऊन प्रत्येक स्तरातील टॅगात नोंदवून ठेवावा लागेल. वर काढलेल्या ३६ बिटांच्या हिशेबात ह्यामुळे एका बिटाची भर पडते, आणि तेवढा खर्च बेस-व्हिक्टिमसारख्या दुहेरी टॅगांच्या रचनेतही सहज पेलण्याजोगा आहे.